‘मी’ नव्हे, ‘माय’

कौसाबाई पहिल्यांदा माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात सहा मार्कमेमो होते. तुम्ही ज्याला मार्कशीट म्हणता त्याला आमच्याकडे मार्कमेमो म्हणतात. सहाही बारावीच्या इंग्रजीचे, सहाही नापासाचे. तारखेप्रमाणे एकावर एक लावलेले आणि डाव्या कोपऱ्यात सेफ्टी पिन टोचलेली. चौतीस वर्षं मी परतूरच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण नापासाचे कागद इतक्या नीटनेटकेपणानं सांभाळणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. लोक ते फाडतात, नाहीतर गादीखाली लपवतात. हिनं ते माझ्यासमोर मांडले, पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं,

“बाई, एवढं बगून सांगा. मी सुधरून राह्यले का बिघडून राह्यले?”

मी चष्मा लावून पाहिलं. बावीस, एकोणीस, चोवीस, चोवीस, अठरा, सव्वीस. पास व्हायला पस्तीस लागतात.

“सुधारते आहेस,” मी म्हटलं, “पण या चालीनं फार वर्षं लागतील.”

“व्हय ना. नातवाच्या लग्नात पास झाल्याचा पेढा वाटायची पाळी येईन,” ती म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली.

नील, मैत्रेयी, तुम्हाला हे मराठीत लिहिते आहे. अडेल तिथं बाबाला विचारा. कौसाबाईला तुम्ही पाहिलेलं नाही. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा ती मेंढ्यांच्या लोकरकातरणीच्या घाईत होती. म्हणून ती कशी होती ते क्रमानं सांगते.

तिला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या रजिया आपा. परतूरपासून नऊ-दहा किलोमीटरवर एक गाव आहे, तिथल्या अंगणवाडीच्या त्या सेविका. सेविका म्हणजे लहान मुलांना शिकवणारी, वजनं घेणारी, नोंदी ठेवणारी. तिच्या हाताखाली एक मदतनीस असते. ती घरोघर जाऊन मुलांना गोळा करते, झाडलोट करते, खिचडी शिजवते, मुलांची नाकं पुसते. कौसाबाई चौदा वर्षं मदतनीस होती. रजिया आपांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात शिकलेल्या, त्या ओळखीनं आपा आल्या.

“मॅडम, ये हमारी कौसा,” त्या म्हणाल्या. “सब विषय में पास है. बस इंग्लिश पे गाडी अटकी. मेरे रिटायर होने के पैले इसको निकालना है. बिलकुल निकालना है.”

प्रश्न साधा होता. पुढच्या उन्हाळ्यात आपा निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा कौसाबाईला मिळू शकत होती, पण बारावी पास असेल तरच. नाहीतर गावातली दुसरी कुणी शिकलेली सून त्या खुर्चीवर बसणार.

“अन् मी तिच्या हाताखाली खिचडी ढवळत बसन,” कौसाबाई म्हणाली. “खिचडीचं काई न्हाई बाई, ढवळते. पर त्या पोरांना सगळी गाणी मी शिकविते, आकडे मी शिकविते. अन् रजिस्टरात मपलं नाव खिचडीम्होरं.”

मपलं म्हणजे माझं. तुपलं म्हणजे तुझं. आमच्या भागातल्या खेड्यांत हेच म्हणतात. शाळेत असताना मी मुलींचं हे ‘मपलं’ खोडून ‘माझं’ करायला लावत असे. कौसाबाईचं मी कधी खोडलं नाही. का, ते पुढे येईलच.

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. अंगणवाडी सुटली की ती काळीपिवळी जीप पकडून यायची. मी खुर्ची द्यायची, ती फरशीवर बसायची. “खुर्चीत बसलं का इंग्रजी पायात उतरतंय,” हे तिचं कारण. वय बेचाळीस, अंगानं काटक, आवाज रानात हाका मारून तयार झालेला. घरची मेंढपाळ माणसं. आता कोरडवाहू शेती, पण तीसेक मेंढ्या अजून होत्या. इंग्रजीची भीती वाटते का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, “लांडगा दिसला का मेंढरू पळतंय, बाई. माणसानं थांबायचं असतंय.”

तिची वही तपासताना पहिल्याच आठवड्यात मला एक चूक पुन्हा पुन्हा दिसू लागली. ‘मी इथं बसले तर चालेल का’ याचं इंग्रजी तिनं लिहिलं होतं: ‘डू यू माइंड मी सिटिंग हिअर?’ उशिराबद्दल माफी मागायची तर ‘एक्स्क्यूज मी कमिंग लेट.’ मी लाल पेननं ‘मी’ खोडून ‘माय’ लिहिलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. सहाव्या वेळी पेन खाली ठेवलं.

“कौसाबाई, जिथं तिथं हा तुझा ‘मी’ का मधे येतो?”

ती वहीकडे बघत राहिली. “बाई, इंग्रजीतला मी येगळा अन् आपला येगळा, हे कळतंय मला. पर आपण म्हणतोच ना, मी बसले तर चालंल का? मंग हात आपसुक मी लिवतो. अन् माय लिवलं का मपली माय डोळ्याम्होरं येती.”

मग तिनं पाचवीतली गोष्ट सांगितली. इंग्रजीचा पहिला तास. गुरुजींनी फळ्यावर लिहून मोठ्यानं वाचलं, “माय नेम इज...” आणि हिनं हात वर करून सांगितलं, “गुरुजी, मपल्या मायचं नाव गयाबाई हाय.” वर्ग हसून लोळला. गुरुजी म्हणाले, माय म्हणू नये, आई म्हणावं.

“तवापासून तो शब्द माझ्यावर रुसला, बाई.”

त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं. ‘जाणे’, ‘बसणे’, ‘शिकणे’ यांना इंग्रजीत आयएनजी लागून त्यांचं नाम झालं की ते नाम कुणाचं तरी असतं, एवढंच मला तिला सांगायचं होतं. मी विचारलं, “रजिया आपा तुला काय म्हणाल्या होत्या? मैं रिटायर होने के पैले, की मेरे रिटायर होने के पैले?”

“मेरे.”

“आणि तू घरी परतलीस की सासू काय विचारते? तू जाणं कुठं झालं?”

“न्हाई वं. तुपलं जाणं कुठं झाल्तं, म्हणती.”

“मग? इंग्रजीत नवीन काय आहे? तुपलं जाणं. मपलं बसणं.”

तिची बोटं जमिनीवर काहीतरी मोजत होती. मग तिनं जे सांगितलं ते कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं.

“बाई, दोन कळप पाण्यावर एक झाले का मेंढरं मिसळतेत. मंग वळखायचं कसं? म्हणून पाठीवर रंग लावतो आपण. आमचा लाल, पल्याडच्यांचा निळा. हे तसंच दिसून राह्यलंय. जाणं, बसणं, शिकणं, ही सगळी मोकळी मेंढरं. ज्याचं हाय त्याचा रंग लावायचा. माय म्हंजी मपला रंग.”

“अगदी बरोबर.”

“म्हंजी कामाम्होरं मी न्हाई. माय.”

हे वाक्य पुढं तिनं जपमाळेसारखं धरलं. खिचडी ढवळताना म्हणायची, जीपमध्ये म्हणायची. शुक्रवारी आली तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला काढून तिनं रानातल्या आवाजात विचारलं, “बाई! डू यू माइंड माय कमिंग इन?” शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी म्हटलं, “नॉट ॲट ऑल.” त्यानंतर ती कधीही हे वाक्य म्हटल्याशिवाय आत आली नाही. दार सताड उघडं असलं तरी.

सराव म्हणून मी तिला तिच्याच दिवसावर वाक्यं करायला सांगितली. ‘द चिल्ड्रन लाइक माय सिंगिंग.’ ‘रजिया आपा लाइक्स माय कुकिंग.’ ‘नोबडी सीज माय स्वीपिंग.’ शेवटच्या वाक्यावर मी थांबले. “झाडणं कुणी बघतच न्हाई, बाई,” ती म्हणाली. “न झाडलेलं बघतेत.” मी बरोबरची खूण केली.

एकदा नवऱ्याच्या घोरण्यावर वाक्य करायचं होतं. ती पेन चावत बसली. “नाव घ्यावं लागतंय का, बाई?” तिनं हळूच विचारलं. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तशी तीही घेत नसे. मी म्हटलं, नाव नको, ‘हिज’ म्हण. तिचा चेहरा उजळला. “हिज स्नोअरिंग! सर्वनाम लई सोयीचं हाय की. लग्नात उखाण्याऐवजी हेच शिकवायला पाहिजे.”

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि ती यायची थांबली. एक आठवडा, दोन आठवडे. वाटलं, वेचणीचे दिवस आहेत. तिसऱ्या आठवड्यात आपांचा फोन आला. “मॅडम, उसके घर में मसला हो गया. आप आ जाओ.” मी ऑटो करून गेले.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, बाजूला काट्यांच्या कुंपणात मेंढ्या. तिची सासू ओसरीवर बोंडांतून कापूस काढत होती. मला पाहून तिनं हात थांबवला नाही.

“आल्या का इंग्रजीच्या बाई? घिऊन जा मंग सुनंला. डोळ्याला चाळशी लागायच्या वयात पाटी-पेन्शील.”

भानुदास, म्हणजे कौसाबाईचा नवरा, माणूस भला. त्यानं लगबगीनं खुर्ची आणली, पाणी दिलं आणि उभाच राहिला. “माझी काय हरकत न्हाई, बाई. पर लोकं बोलतेत. भानुदासाची बायको उठती अन् परतूरला जाती. कशाला जाती, कुणाकडं जाती. चौकात चहाला बसलो का पहिला इषय हाच.”

आत चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. कौसाबाई पिठाच्या हातानं दारात आली.

“लोकांचं ऱ्हाऊ द्या. तुमची हाय का न्हाई ते सांगा.”

“हाय म्हंजी... हाय थोडी.”

“कुणाला हाय? मला हाय का मपल्या शिकण्याला?”

“दोन्ही एकच की.”

“एक कसं? बाईसमोर बराबर बोला. हरकत मला असंल तर मी आत्ता माहेराला जाते. तुमी मेंढ्या राखा, भाकरी थापा, आत्याबाईच्या गुडघ्याला तेल लावा. अन् हरकत शिकण्याला असंल, तर ते शिकणं मपलं हाय. त्याच्यावर मपला रंग हाय. तुमच्या कळपातलं न्हाई ते.”

भानुदास माझ्याकडे पाहू लागला, जणू मी हे तिला पाठ करून दिलं होतं. मी मान हलवली, नव्हतं दिलं. ओसरीवरून सासूचं हसणं ऐकू आलं. बोंड हातातच ठेवून म्हातारी हलत होती.

“सोड लेका. मेंढरू वळखलं तिनं. आता तुला सोडवायचं न्हाई.”

“बरं, तुला न्हाई हरकत,” भानुदास म्हणाला.

“अन् शिकण्याला?”

“शिकण्याला बी न्हाई. फकस्त सांच्याला जल्दी येत जा.”

“येते,” ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडे वळली. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तीळकुटाबरोबर गरम भाकरी आणि म्हातारीच्या हातचं ताक. म्हातारी मला म्हणाली, “माझ्या टायमाला आम्ही हरकत कुणाला हाय ते इचारलंच न्हाई. सगळी आपल्यालाच हाय असं धरलं.”

मलाही ते लागलं, मुलांनो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला हैदराबादला वर्षभराच्या इंग्रजीच्या प्रशिक्षणासाठी बोलावणं आलं होतं. तुमचे आजोबा म्हणाले, “मला पसंत नाही.” मी आठ दिवस गप्प राहिले आणि नकाराचं पत्र टाकलं. फार वर्षांनी बोलता बोलता कळलं की मी एकटीनं रात्रभराचा प्रवास करणं तेवढं त्यांना पसंत नव्हतं. पुन्हा विषय काढला असता तर ते मला सोडायला आले असते. मी चौतीस वर्षं फळ्यावर ‘मी’ खोडून ‘माय’ लिहिलं. घरात एकदाही लिहिलं नाही.

जानेवारीत कौसाबाई मोबाईल नाचवत आली. त्यात कुणीतरी परदेशी मास्तर इंग्रजी शिकवत होता.

“बाई, हे बगा! हा गोरा तर बिनधास्त मी म्हणून राह्यला. डू यू माइंड मी आस्किंग. मंग आपण काहून डोकं फोडून राह्यलो?”

मी तिला खरं ते सांगितलं. हल्ली दोन्ही चालतं. बोलताना तिकडे बहुतेक जण ‘मी’च म्हणतात. ‘मी’ म्हटलं की नजर माणसावर जाते, ‘माय’ म्हटलं की माणसाच्या कामावर. लिहिताना दुसरं अधिक नेटकं समजतात, म्हणून पेपरात ‘माय’ लिही. तिनं मोबाईल बंद केला.

“त्या गोऱ्याला कामापासून कुणी आडवलं नसंल, बाई. त्याचं मी म्हणून भागतंय. मी आपली माय लिवीन.”

फेब्रुवारीत परीक्षा झाली. पेपर देऊन ती सरळ माझ्याकडे आली, खूश होती. तिनं प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं होतं. पत्रलेखनात तिनं तिचं उंबऱ्यावरचं आवडतं वाक्य घातलं होतं, एक शब्द खोडला नव्हता. “किती प्रश्न सोडवले?” मी विचारलं. तेव्हा तिचा आवाज पडला. “शेवटचे दोन राह्यले. टाइम झाला. पर लिवलं ते एकदम शुद्ध हाय, बाई.”

मे महिन्यात निकाल लागला. एकतीस.

चूक माझी होती. मी तिला शुद्ध लिहायला शिकवलं, वेळेत लिहायला शिकवलं नाही. माझ्या समोर ती एका वाक्याला पाच मिनिटं घ्यायची आणि मी कौतुकानं बघत बसायची. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “तुमचं शिकवणं तुमचं, मपलं हळू लिवणं मपलं. तुमी काहून मपलं मेंढरू हाकून राह्यल्या?”

जूनमध्ये रजिया आपा निवृत्त झाल्या. अर्जाची मुदत त्याच महिन्यात संपली. जागा अश्विनी नावाच्या एका तेवीस वर्षांच्या सुनेला मिळाली. दोन वर्षांपूर्वी ती त्या गावात नांदायला आलेली, बारावीला चांगले मार्क, मुलगी गुणी. कुणी अन्याय केला नव्हता. नियमाप्रमाणेच झालं. निरोपाच्या दिवशी आपा कौसाबाईच्या गळ्यात पडून रडल्या. कौसाबाईच त्यांची समजूत काढत होती. “आपा, पोरं बगून राह्यलीत. रडणं घरी करा.” दुसऱ्या दिवसापासून तिनं अश्विनीला सगळं दाखवलं. कोणत्या मुलाला दूध सोसत नाही, कोणतं मूल आईनं हात सोडताना रडतं आणि नंतर विसरतं, कोणाचं वजन दर महिन्याला मागं पडतं. मी विचारलं, जिवावर येत नाही का गं?

“तिचं पास व्हणं तिचं हाय, बाई. तिच्या मेंढराला मी काहून दगड मारू?”

मला वाटलं, संपलं. मंगळवारी मी दुपारची झोपले होते, तर उंबऱ्यावरून तो आवाज आला. डू यू माइंड... मी उठून बसले. ती आत आली, फरशीवर बसली, वही उघडली. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरून आली होती.

“कौसाबाई,” मी म्हटलं, “आता कशासाठी? जागा तर भरली. अश्विनी अजून पस्तीस-चाळीस वर्षं आहे तिथं.”

“तवा जागेसाठी बसल्ते. जागा दुसऱ्याच्या हातात व्हती, गेली. पास व्हणं मपलं हाय. ते मी कुणाच्या हातात ठिवू?”

मी उठले. आत गेले आणि गजराचं घड्याळ घेऊन आले.

ते पाच आठवडे मी तिला फार छळलं. एका प्रश्नाला बारा मिनिटं, घड्याळ खणखणलं की पेन खाली, वाक्य अर्धं असलं तरी. ती चिडायची. “अर्धं मेंढरू कुणी सोडतंय का?” मी म्हणायची, सोड, पुढचं धर. एके दिवशी तिनं घड्याळ पदराखाली लपवलं. मी भिंतीवरच्या घड्याळावर बोट ठेवलं. एकदा तिनं बेचाळीस मिनिटांत चार प्रश्न लिहिले, आणि खाली वहीत मला न विचारता एक ओळ लिहिली: ‘आय हेट बाईज वॉचिंग द क्लॉक.’ बाईंचं घड्याळाकडे बघणं. ‘बाईज’मधला मालकीचा ‘ज’ अचूक होता. मी पूर्ण मार्क दिले.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये एका दुपारी मोटारसायकल दाराशी थांबली. पुढे भानुदास, मागे ती. भानुदास गाडीवरूनच ओरडला, “बाई, पास! एकोणचाळीस!”

“तुमी काहून सांगून राह्यले?” ती उतरता उतरता म्हणाली. “पास कोण झालं?”

“तूच की.”

“मंग मला सांगू द्या. गाडी लावा बाजूला.”

त्यानं मुकाट्यानं गाडी बाजूला लावली. ती उंबऱ्यापाशी आली, पदर सारखा केला आणि शाळेतल्या मुलीसारखी हात सरळ सोडून उभी राहिली.

“बाई, आय ॲम व्हेरी हॅपी अबाउट माय पासिंग.”

मग तिचा आवाज गेला. इतकी वर्षं रानाला पुरलेला तो आवाज. ती तिथंच पायरीवर बसली आणि भानुदास गाडीपाशी उभा राहून उगाच आरसा पुसू लागला.

तिच्या नोकरीत काही बदललं नाही. खिचडीसमोरचं नाव खिचडीसमोरच राहिलं. पण तिनं पुढच्या वर्षी घरी बसून पदवी करण्यासाठी नाव घातलं, आणि त्यात इंग्रजी सक्तीचं आहे हे कळल्यावर ‘हाय म्हणून बरं झालं’ असं ती म्हणाली. गावात सहा बायका बारावीला बसवल्या. त्यांना ती दर रविवारी अंगणवाडीच्या ओट्यावर शिकवायची, हातात मोबाईलवर लावलेली वेळ. तिचं शिकवणं माझ्यापेक्षा कडक होतं.

गेल्या दिवाळीआधी तिला डेंग्यू झाला. ताप अंगावर काढला. त्या बायकांच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते. जालन्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. चौथ्या दिवशी गेली. शेहेचाळीस वर्षांची होती. मी तुम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्हाला नक्की कोण गेलं ते नीट कळलं नव्हतं, पण मी रडते आहे हे कळलं. त्या संध्याकाळी नील, तुझा निरोप आला, इंग्रजीत: ‘आजी, आय ॲम सो सॉरी अबाउट हर पासिंग.’

त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देते आहे.

तुझं वाक्य बिनचूक आहे. ‘हर’ योग्य जागी आहे, आयएनजीही आहे. इंग्रजीत माणसाच्या जाण्यालाही पासिंग म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि तू ते मायेनं लिहिलंस. माझी एकच दुरुस्ती आहे. कौसाबाईचं पासिंग ऑगस्टमधल्या एका दुपारी झालं, आठव्या खेपेला, एकोणचाळीस मार्कांनी. ते तिनं केलं होतं. जालन्याला जे झालं ते तिनं केलेलं नव्हतं, ते तिच्यावर येऊन पडलं. त्याच्याआधी ‘हर’ लिहायला मी तुला परवानगी देत नाही.